इंग्रजीतून इंग्रजीत

नलूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी खमरियाहून स्कूटर काढतच होतो. रविवारी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्याकडे माझी हजेरी ठरलेली... त्यांच्या मुलीचा, मेघाचा, स्कॉटलंडहून व्हिडिओ कॉल यायचा. जावई जॉन तिकडचाच. वहिनींचं इंग्रजी मराठीच्या चालीवरचं, एकेक शब्द सावकाश ठेवत केलेलं. ते गोऱ्या माणसाला काय कळणार, म्हणून मी दुभाष्या. तोही इंग्रजीतून इंग्रजीत! खमरियाच्या फॅक्टरीत नोकरीला असताना साहेबांचं ऐकून मी जीभ वळवत भरभर बोलायला शिकलो होतो, आणि त्याचा मला भारी तोरा.

वहिनी काही विचारायच्या, मी तेच माझ्या ऐटीत सांगायचो. जॉन हसून थांबायचा. मग वहिनी हळूच तेच पुन्हा म्हणायच्या आणि तो उत्तर द्यायचा. मी चिडायचो. "सांगितलं ना मी, काहून डबल करून राहिल्या?"

"अच्छा, चुकलं भाऊजी," म्हणत त्या चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवायच्या.

तेरवीला मेघाबरोबर जॉन आला. पंगती उठल्यावर मी त्याच्याजवळ बसलो आणि माझ्या इंग्रजीत मनातलं सगळं बोललो... दादा, माझे थोरले भाऊ, गेल्यावर वहिनींनी मला कसं सांभाळलं ते. तो आदराने ऐकत होता. मी थांबलो तशी त्याची नजर वहिनींच्या वेताच्या खुर्चीकडे गेली आणि मग मेघाकडे.

मेघा गडबडली. "काका, बुरा मत मानना... तुमचं बोलणं यांना समजत नाही. आई माझ्या बाळंतपणाला तिकडे राहिली ना, तेव्हापासून तिचं यांना सगळं कळायचं. तुम्ही काय म्हटलं, ते आईच सांगायची."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"आई म्हणे, बोलू दे भाऊजींना. रिटायर झाल्यापासून त्यांचं कोणी ऐकत नाही."

कानशिलं तापली. भरल्या घरात कुठे तोंड लपवू असं झालं. माझं इंग्रजी त्याला कळलं नाही याची लाज एक वेळ पचली असती. पण इतके रविवार ती बाई माझा मान राखत होती, आणि वर माझीच बोलणी खात होती!

रविवारी कॉल अजून येतो. मेघा वहिनींच्या घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे देऊन गेली आहे. मी तिथे बुटक्या मोढ्यावर बसतो, वहिनींची खुर्ची शेजारी असते. परवा जॉनला म्हणालो, वहिनींची फार आठवण येते. जीभ न वळवता, सावकाश, एकेक शब्द ठेवत. आणि सवयीने थांबलो, वहिनी पुन्हा सांगतील म्हणून...

"मलाही," जॉन लगेच म्हणाला. मला मान वर करवली नाही.