सुपाचं परदेशी पार्सल

मी कॉलेजात शिकणारा, आमच्या घरातला पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करा. पण चिकटपट्टीचा उग्र वास आला की रामनगरचा तो कुरिअरवाला आठवतो आणि आजही किळस येते. मावशी बांबूची सुपं विणायची, मी ती मोबाइलवरून विकायचो. परदेशातल्या एका दुकानवाल्या बाईंनी नमुन्याला एक सूप मागवलं होतं. आवडलं तर पन्नास घेणार होत्या. आमच्याकडे नाजूक वस्तू भाताच्या पेंढ्यात गुंडाळतात, तसंच मावशीने तेही गुंडाळून खोक्यात भरलं. ते घेऊन आम्ही दोघं त्या कुरिअरवाल्याकडे गेलो. "सगळ्यात स्वस्तात पाठवा," मी चाचरत म्हणालो. तो पान चघळत हसला. "तिकडं पाखडायला भात हाय काय गं म्हातारे?" "भिंतीवर लावू दे की, तुझं काय जातंय?" मावशी म्हणाली. खोक्यातून पेंढा बाहेर आला होता. किडीच्या भीतीने पेंढा परदेशात चालत नाही, हे त्या माजोरड्याला ठाऊक असणारच. तरी त्याने वरून पट्टी दाबली आणि पावती फेकली. नियम न विचारणाऱ्या माझीही मला तितकीच घृणा वाटते. दीड महिन्याने बाईंचा निरोप आला: पेंढ्यापायी तिकडच्या कस्टमने सुपासकट खोकं जाळलं, आणि त्यांनी सुपं दुसरीकडून घेतली.