टोपी काढा, मामा

शेळगावच्या आमच्या घरात सगळी यंत्रं 'रेस' या एका शब्दावर चालतात. थंडीत मोटरसायकल कुरकुरली, रेस वाढव. फवारणीचा पंप अडखळला, रेस वाढव. पोट बिघडलं तर माझे सासरे पोटाचीही रेस वाढवतील, असं मी एकदा म्हटलं, तर ते त्यांना आवडलंच. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मी वाढले वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये, वडील फिटर. त्यामुळे मामांच्या लेखी मी अजून 'कॉलनीची पोर', म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कडवळ, आणि ऊस यातला फरक लग्नानंतर कळलेली.

दोन म्हशींसाठी आम्ही हत्तीगवत लावलंय. ते कापायला नवऱ्याने पेट्रोलवरचं ग्रास कटर आणलं. लांब दांडा, वरच्या टोकाला इंजिन, खालच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. नवरा दिवसभर बारामतीला ड्यूटीवर, म्हणून मशीन मामा चालवतात आणि कापलेलं गवत आत्या आणि मी गोळा करतो. आत्यांना ऐकू फारच कमी येतं. इंजिन चालू आहे की बंद, हे त्यांना कळत नाही. मामांनी दांडा खाली टेकवला की पुढे व्हायचं, एवढीच त्यांची खूण.

यंदा उन्हाळ्यात मशीन सारखं बंद पडायला लागलं. मामांनी काय केलं ते सांगायला नकोच. कार्बोरेटरवरचा रेसचा स्क्रू पिळला. मशीन बंद पडेना, मामा खूश. फक्त आता रेसवरचं बोट काढलं तरी पातं फिरतच राहायचं.

"मामा, हे थांबायला पाहिजे."

"अगं, दम हाय मशीनला. जाग्यावर बी कसं फिरतंय बघ!"

मोटरसायकलची रेस वाढवली तर बिघडत नाही, कारण गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते. या मशीनला न्यूट्रल नाही. इंजिन मंद झालं की आतला क्लच पात्याला सोडून देतो, तेच त्याचं न्यूट्रल. रेस वाढवून ठेवली की क्लच पातं सोडतच नाही. हे मी त्यांना सांगितलं. पण जन्मभर मोटरसायकल हाणलेल्या माणसाने कॉलनीच्या पोरीचं ऐकलं तर पारावर बसायची सोय राहील का?

त्या सकाळी मामांनी दांडा खाली टेकवला आणि घाम पुसायला मान वळवली. आत्या पुढे झाल्या. गवत बांधायला जुन्या लुगड्याचं धडपं त्यांच्या हातात होतं, ते पसरायला त्या वाकल्या. मी भारा टाकून ओरडले. ओरडून काय उपयोग? जिला ऐकवायचं तिला ऐकू येत नव्हतं. धडप्याचं टोक पात्यात गेलं, सर्रकन त्यांच्या हातातून ओढलं गेलं, दांड्याला गुंडाळलं आणि इंजिन आचके देत बंद पडलं.

मी धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. बोटं सगळी होती. उलटसुलट करून पुन्हा पाहिली, होती. मग मला रडूच फुटलं.

"अगं, धडपं गेलंय, हात न्हाय. रडतीस कशापायी?" आत्या म्हणाल्या.

इतकं हायसं वाटलं होतं की रागवायचीही ताकद उरली नव्हती. पण ती लगेच आली, कारण मामा पात्यातलं धडपं ओढायला वाकले होते. पात्याला हात लावण्याआधी प्लगवरची रबरी टोपी काढायची, म्हणजे ठिणगीच पडत नाही. नुसतं बंद झालेलं मशीन बंद धरायचं नाही, हे माझ्या वडिलांनी लहानपणापासून डोक्यात बसवलेलं.

"मामा, आधी टोपी काढा!"

मामांनी निमूट आपल्या डोक्यावरची टोपी काढली.

जी पांढरी टोपी पाहुण्यारावळ्यांपुढे कधी उतरली नाही, ती हातात धरून ते बोडक्या डोक्याने उभे. आत्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"टोपी कशाला काढलीसा? मी अजून जित्ती हाय न्हवं!"

मी रडता रडता हसले. मामा मात्र मटकन बांधावर बसले.

मग प्लगची टोपी मी काढली. धडपं सोडवलं. एअर फिल्टर उघडला तर आतला स्पंज धुळीने लिंपून निघालेला. मशीन बिचारं गुदमरून बंद पडत होतं आणि आम्ही त्याला आणखी पळवत होतो! स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवून बसवला. टोपी परत लावली. आत्यांना लांब शेवग्याखाली बसवलं. मामांनी पातं जमिनीपासून उचलून मोकळ्या रानाकडे धरलं, मशीन चालू केलं, आणि मी इंजिनच्या बाजूला उभी राहून स्क्रू जरा जरा सैल करत गेले. पातं रेंगाळलं आणि थांबलं. इंजिन चालूच. मामांनी रेस दिली, सोडली. पुन्हा थांबलं. छातीवरचा दगड उतरावा तसं झालं मला.

"थांबतंय की गं," मामा म्हणाले.

तेव्हापासून मामांनी आपला कायदा केलाय. मशीन बंद करायचं, प्लगची टोपी काढायची आणि मग डोक्यावरचीही काढायची. बोडकं डोकं दिसल्याशिवाय आत्या जागच्या हलत नाहीत. रस्त्याने जाणारे हसतात, मामा बघतही नाहीत. टोपीखाली सगळा जन्म गोरं राहिलेलं त्यांचं कपाळ आता तोंडासारखंच काळं झालंय.