हिरडीवरची गाठ

कॅन्सरमुळे यांची एक किडनी काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता निश्चिंत राहा." मी राहिले. दर चतुर्थीला अंबडहून बस बदलत राजूरला जायचे, गणपतीचे आभार मानायचे. आणि सहा वर्षांनी यांच्या खालच्या हिरडीवर बोराएवढी गाठ आली. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली, गुळण्या दिल्या. गाठ वाढतच गेली. भाकरीचा तुकडा लागला तरी तोंड रक्ताने भरायचं. शाळेत खड्या आवाजात कविता शिकवणारा माणूस घरात पाणीसुद्धा खुणेने मागू लागला.

पुढच्या चतुर्थीला मी राजूरला गेले ती भांडायलाच. नारळ नाही, दूर्वा नाही. रांगेत पुटपुटत होते, सहा वर्षं चकरा मारल्या, त्याचं हे फळ दिलंस?

"ताई, कोणावर एवढ्या चिडून राह्यल्या?" पुढे उभ्या असलेल्या साठीतल्या बाईंनी वळून विचारलं. मी सगळं ओकून टाकलं.

"किडनीचं ऑपरेशन झाल्तं, हे दातवाल्या डॉक्टरला सांगितलं का?"

"न्हाई. दाताचा अन् किडनीचा काय संबंध?"

"मी नर्स होते. किडनीचा कॅन्सर लई वर्षांनी कुठंबी निघतो. हिरडीत निघालेला मी पाह्यलाय. जुने कागद घ्या, मोठ्या दवाखान्यात जा, गाठीचा तुकडा तपासायला सांगा. जल्दी करा."

"देवाच्या दारात असं अभद्र बोलता?" मी त्यांच्यावरच ओरडले आणि दर्शन न घेताच निघाले. बसमध्ये राग ओसरला, भीती उरली. घरी पोचताच ट्रंकेतले कागद काढले.

औरंगाबादला तुकडा तपासला. तोच जुना कॅन्सर निघाला. गाठ काढली, रेडिएशनचे शेक दिले. दीड महिन्यांनी यांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि मला नावाने हाक मारली. पुढे कॅन्सर फुप्फुसात पसरला. वर्षभराने हे गेले, पण शेवटपर्यंत बोलत गेले.

त्या बाई मला पुन्हा कधीच दिसल्या नाहीत. लोक म्हणतात, गणपतीच आला होता. मी वाद घालत नाही. देवाने एवढं दिलं, हे मी मानते. तरी राग गेलेला नाही. यांच्या वयाची माणसं पारावर हसताना दिसली की अजून आग होते. ती आग घेऊन मी राजूरलाच जाते. आता काही मागत नाही. पोटातलं सगळं त्याच्यापुढे बोलून टाकते आणि म्हणते, पुढचं तुझं तू ठरव. फक्त कोणी खरं सांगायला आलं, तर ऐकण्याइतकं मला शांत ठेव.