सातशे वीस ओळी

कल्पना करा, रोपवाटिकेतल्या दोनशे चाळीस नळांना पाणी कसं सोडायचं, हे तुम्हाला संगणकाला सांगायचंय. पहिला नळ उघड, पाच सेकंद थांब, बंद कर. झाल्या तीन ओळी. आता दुसऱ्या नळाच्या लिहा. मग तिसऱ्याच्या. बोटं दुखायला लागली तरी दोनशे सदतीस नळ बाकीच आहेत.

एका रोपवाटिकेतल्या वायरमनने हे खरोखर केलं होतं. प्रोग्रामिंग शिकायचं पुस्तक त्याला भंगारात मिळालेलं, मधली पानं गायब. जेवढं हाती लागलं तेवढ्यावर दीड महिना खपून त्याने सातशे वीस ओळी लिहिल्या. बायको म्हणायची, तिकडे एवढे दिवे लावताय, आमच्या न्हाणीतला बल्ब तेवढा राहिलाय. पण नळ नऊ वर्षं बिनबोभाट चालले.

मग नवी इंजिनिअर आली, त्याच्या मुलीच्या वयाची. तिने फाइल उघडली आणि खाली सरकवत गेली, सरकवतच गेली. ती हसली नाही, हेच त्याला जास्त लागलं. नव्या फाइलमध्ये तिने चार ओळी लिहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच, काका. ह्याला लूप म्हणतात. नळाचा आकडा एकाने वाढतो, त्याच ओळी पुन्हा चालतात. दोनशे चाळीस झाले की थांबतं."

तिने ते चालू केलं. नळ एकामागून एक सुटू लागले, अगदी त्याच्या ओळींवर सुटायचे तसे. वायरमन पालथ्या क्रेटवर मटकन बसला. दीड महिना. तिसावा नळ गेला, चाळिसावा सुटला, आणि तो ताडकन उठला.

"बंद कर ते."

ती वळेपर्यंत तो एक्केचाळिसाव्या नळाखालच्या ट्रेपाशी पोचून नळ हाताने आवळत होता. त्यात चार वर्षं जपलेली ऑर्किडची रोपं होती. त्यांना एकच सेकंद पाणी. जास्त झालं की मुळं कुजलीच. त्याने बोट खुपसून पाहिलं, मुळांभोवतीचं शेवाळ जेमतेम ओलं झालं होतं. वाचली.

आता तोंडचं पाणी पळालं ते तिच्या. तिने त्याची फाइल पुन्हा उघडली, या वेळी ओळ न ओळ वाचली. पाचांच्या रांगेत एकतीस ठिकाणी आकडा वेगळा होता, कुठे एक, कुठे नऊ. टीप नाही, वहीत नोंद नाही. हे पाठ आहे का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पाठ कसलं, उन्हातल्यांना जास्त, सावलीतल्यांना कमी, बघितलं की कळतं.

शेवटी तिनेच तोडगा काढला. प्रत्येक नळाचे सेकंद यादीत लिहायचे, लूप ती यादी वाचेल. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. शंभराच्या आसपास तो थबकला.

"पोरी, हे लूप मला पहिल्याच दिवशी कुणी शिकवलं असतं, तर कुठल्या ट्रेला किती पाणी लागतं हे मी कधी बघितलं असतं का?"