रंभाबाईंची झुरळं

दिवा स्टेशनजवळच्या त्या चाळीत रंभाबाईंइतकी झुरळं कुणी मारली नसतील. ओट्याखाली खडूच्या रेघा, मोरीत औषध आणि हाताशी चप्पल! त्याच बाई गेल्या जुलैपासून स्वयंपाकघरात खोकंभर झुरळं पाळत होत्या, तीही परदेशी जातीची. खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गव्हाचा कोंडा, गाजराच्या चकत्या. शेजारणींनी नाकं मुरडली. नवरा शिवराम म्हणाला, "अगं, लोक पैसे देऊन झुरळं मारून घेतात, आणि तू त्यांना गाजर भरवतेस!" पण खोक्याच्या झाकणाला जाळी त्यानेच बसवून दिली.

झुरळं त्यांच्या लेकीची होती. रचना वर्तकनगरच्या एका लॅबमध्ये कामाला होती आणि तिला नाद टॅरँट्युलाचा, म्हणजे केसाळ कोळ्यांचा. नखाएवढं एक पिल्लू तिने डबीत पाळलं होतं. नाव चिंगी. चिंगीच्या खाण्यासाठी ही झुरळं. "आई, मादी निघाली ना, तर वीस वर्षं जगेल बघ," रचना सांगायची. आणि ती स्वतः चोवीस वर्षांची, जुलैत आठवडाभराच्या तापाने गेली.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तिचा डोंबिवलीचा मित्र रत्नदीप आला. त्याच्याकडेही असे कोळी होते. "मावशी, चिंगीला मी घेऊन जातो," तो म्हणाला. रंभाबाईंनी डबी पदराआड घेतली. "वीस वर्षांनी मी बहात्तरची होईन. जमेल मला. तू फक्त शिकव."

त्याने शिकवलं. पिल्लाला जिवंत झुरळ झेपत नाही, डोकं ठेचून तुकडा द्यायचा. रोज वंदनेत 'पाणातिपाता वेरमणी' म्हणून जीव न घेण्याचं शील घेणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी उलटीच झाली. मग त्या चिमटा धरण्याआधी झुरळाची माफी मागू लागल्या. शिवराम हसायचा, पण तोंड फिरवून.

चिंगी वाढली, बारीक जिवंत झुरळं धरू लागली. तेव्हा रत्नदीपने बजावलं, "नाय खाल्लं तर झुरळ लगेच बाहेर काढायचं. कात टाकायच्या आधी ती खातच नाय. उपाशी राहू दे, काय होत नाय."

जानेवारीत चिंगीने खाणं सोडलं. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. रंभाबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. न जेवणारं लेकरू समोर असताना कुठल्या आईला नियम आठवतात? रचना दुसरी पाळी करून यायची आणि "भूक नाही" म्हणून आडवी व्हायची. तरी रंभाबाई ताट झाकून ठेवत आणि सकाळी ते हटकून रिकामं सापडे. आताही त्यांनी तेच केलं. संध्याकाळी चांगलं गुबगुबीत झुरळ निवडलं, डबीत सोडलं, झाकण लावलं. भूक लागली की खाईल.

सकाळी चिंगी पाठीवर पडलेली होती. कात अर्धी निघाली होती, आतलं अंग ओलं आणि मऊ, आणि झुरळ त्यावर बसून खात होतं. रंभाबाईंचा हात चपलेकडे गेला आणि तसाच खाली आला. झुरळाचा काय दोष? त्यालाही भूक होती.

रविवारी रत्नदीप आला. डबीत बघितल्याबरोबर त्याला कळलं. "कात टाकताना मरतात कधी कधी, मावशी," तो म्हणाला. "तुमचं काय चुकलं नाय."

रंभाबाई एकदम भडकल्या. "रचनाच्या वेळी पण सगळे हेच बोलले! तीन दिवस मी घरात काढा पाजत बसलेली, साधा ताप म्हणून. दवाखान्यात नेलं नाही. आणि डॉक्टर म्हणतात तुमचं काही चुकलं नाही, हे म्हणतात चुकलं नाही, अख्खी चाळ म्हणते चुकलं नाही. एकदा तरी कुणीतरी खरं बोला ना रे!"

रत्नदीपने शिवरामकडे पाहिलं. शिवराम फरशीकडे बघत होता.

"झुरळ काढायला पाहिजे होतं, मावशी," रत्नदीप हळूच म्हणाला.

रंभाबाईंनी मान डोलावली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता, लेकीला हाका मारत त्या मोठमोठ्याने रडल्या.