केमोच्या दिवसांतला जेवणाचा तक्ता

बुलढाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते स्वतःच एसटीत बसून येतात! आमचे कॅन्सरचे पेशंट केमो घ्यायला मोठ्या शहरात जायचे. मधल्या दिवसांत ते सांगितलेलं खातात की नाही, हे मोजायचं काम माझं. वजन उतरलं की पुढचा डोस लांबायचा, म्हणून प्रत्येकाला एक तक्ता दिलेला. जेवलात की खूण करा!

धाड गावच्या एका काकांनी सोमवारीच आख्खा आठवडा खुणांनी भरून टाकला. मी भडकलेच. "काका, उद्याच्या जेवणाची खूण आज?"

"मॅडम, खून केली की खानंच पडते. मी खोटं बोलनारा मानूस नाई!"

आणि खरंच खायचे हो!

एक आजी रोज दोन वाट्या वरण लिहायच्या, तरी वजन घसरतच होतं. शेवटी त्यांच्या घरी गेले. बघते तर वाटी देवाच्या नैवेद्याची, एवढीशी!

"मोठी वाटी पाह्यली की भेवच वाटते वो बाई. हे संपते, त जेवल्यावानी वाटते."

मग मी तीच वाटी दिवसातून दहा वेळा ठरवली, आणि आजींनी ती दहाही वेळा संपवली.

एक पाटील मुलीच्या सासरी पंगतीला गेले ते घरचं वरण आणि उकळलेलं पाणी घेऊन. व्याही फुगले. पाटील म्हणाले, "व्याही, तुम्ही रुसले त मी मनवतो. रक्तातल्या पेशी रुसल्या त कोन मनवीन?"



आता उंद्रीच्या गयाबाई. वजन आधीच काठावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी उतरलं तर हा डोस पुढे ढकलावा लागेल."

त्यांचा तक्ता पाहिला तर जवळजवळ प्रत्येक जेवणापुढे दोन-दोन खुणा. माझं डोकंच फिरलं. खोटं पकडायचं म्हणून काट्यावर उभं केलं. वजन जिथल्या तिथे! डोस ठरल्या दिवशीच होणार होता.

तरी मी सोडलं नाही. "गयाबाई, एकदा जेवायचं आणि दोन खुणा काऊन?"

त्या बिचाऱ्या ओशाळल्या.

"पयल्यांदा खाल्लं ते उलटून पडलं, मॅडम. मंग तोंड धुतलं अन् पुन्हा ताटावर बसली. ते लिव्हू नाई का?"