सगळे माग एका ठेक्यात

बाबा तारापूरच्या एका कापड कारखान्यात चार माग सांभाळायचे. मूळचे माकुणसारचे. स्वतःच्या कामाचं कौतुक सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण एक गोष्ट मात्र ते जेवताना पुन्हा पुन्हा सांगत. "सगळे माग एका ठेक्यात आले ना बाय, की शेड हलते. मंग मी माझा एक बंद करतो. ठेका मोडतो. नायतर कवाच छप्पर खाली आलं असतं."

"आले मोठे शेड वाचवणारे," आई म्हणायची आणि आणखी भात वाढायची.

मी तेव्हा एमएस्सीला होते. माझा प्रकल्प मेंदूतल्या पेशींच्या गणितावर होता. संगणकातली माझी प्रत्येक पेशी हळूहळू भरत जायची, एका क्षणी एकदम ठिणगी टाकायची आणि रिकामी व्हायची. अशा शंभर पेशी, प्रत्येकीची चाल वेगळी. त्यांच्यातली जोडणी थोडी थोडी घट्ट करत गेलं तरी बराच वेळ काहीच होत नसे. मग एका आकड्यापाशी सगळ्या अचानक एकाच वेळी ठिणगी टाकू लागत. पडद्यावर ते फार देखणं दिसे. डोक्यात असंच घडलं की माणसाला फिट येते, हे मला पाठ होतं.

पाठ होतं, एवढंच. बाबांच्या गोष्टीनं मी हरखले ती भलत्याच कारणानं. माग एकाच फरशीवर उभे, फरशीतून एकमेकांना हादरे देणार, म्हणजे जोडणी आलीच! प्रकल्पाला घरबसल्या उदाहरण मिळालं. त्याच वर्षी बाबा दोनदा मागाशेजारी पडले होते. उकाड्यानं चक्कर आली असेल, असं सगळे म्हणाले. मीही लिंबूपाणी करून दिलं. शहाणी मुलगी!

तो ठेका रेकॉर्ड करायला मी परवानगी काढून एका दुपारी शेडमध्ये गेले. माग खडखडत होते, कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. तासाभरानं बाबांनी एकाएकी मान वर केली. हात हँडलवर गेला, एक माग थांबला. त्यांचे ओठ हलत होते. डोळे माझ्यावर होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. बाकीचे माग पहिल्यासारखेच वेडेवाकडे चालले होते. मग त्यांनी डोळे मिचकावले आणि हसले.

"ऐकलंस?"

मी मान डोलावली. शेजारच्या मागांवरच्या कामगाराला कानाशी ओरडून विचारलं, सगळे माग एकदम कधी येतात?

"एक साथ? यहाँ? कभी नहीं, बेटी," तो म्हणाला.

घरी रेकॉर्डिंगचा आलेख काढला. नुसते विखुरलेले ठिपके. शेड एका ठेक्यात आलीच नव्हती. बाबा इतकी वर्षं जे ऐकत होते ते त्यांच्याच डोक्यात वाजत होतं. माग थांबवून ते छप्पर नव्हे, स्वतःचे हात वाचवत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

सांगितलं तर त्यांचं काम सुटणार होतं. न सांगितलं तर एखाद्या दिवशी फिट आधी येणार होती आणि हात हँडलपर्यंत पोचणार नव्हता. दोन दिवस मी भेकडासारखी गप्प बसले. त्याची लाज अजून गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार, कारखान्याची सुट्टी. बाबा सकाळी बोईसरच्या आमच्या खोलीत चहा पीत होते. मी समोर बसले होते, आज सांगायचंच असं ठरवून. बाहेर कसलाच आवाज नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि कान टवकारले.

"आले," ते म्हणाले.

त्यांचा उजवा हात पुढे आला, हवेत चाचपडला. माझं मनगट त्यांच्या हाती लागलं. त्यांनी ते खाली दाबलं. थांबून पुन्हा दाबलं, जोरात.

"बाय," ते म्हणाले, "बंद होत नाय."